कोलांट्या मारणारा ड्रोन आणि मावशीचं लग्न

माझ्या मावशीचं लग्न ठरलं तेव्हा ती साठीला आली होती. त्या लग्नात तिचा एकच हट्ट होता. फोटो वरून काढायचे. आभाळातून.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे माझी आणि माझ्या धाकट्या भावाची शाळा, आजारपणं, परीक्षेच्या दिवसांतले डबे, सगळं तिच्याच हातून झालं. आरोग्य उपकेंद्रात सिस्टर म्हणून तिने नोकरी केली. तालुक्यात कुठेही गेलो की एखादा मिशाळ माणूस पुढे येऊन तिच्या पाया पडतो आणि ती म्हणते, "याले सुई टोचली की हा मले चावत होता." तिचा नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. निवृत्तीनंतर ती आमच्या गावी, तळेगावला, माझ्या भावाच्या शेजारच्याच घरात राहू लागली.

नवरदेव सेवाग्रामकडचे. पोस्टातून निवृत्त झालेले, विधुर, अंगाने उंच आणि बोलायला मऊ. दोघांची ओळख दवाखान्यात झाली, गुडघ्यांचे व्यायाम करून घेतात त्या खोलीत. शेजारशेजारच्या खाटांवर पाय वरखाली करता करता बोलणं सुरू झालं. गुडघे बरे झाले तरी दोघं जातच राहिले, तेव्हा मला शंका यायला हवी होती. मी त्या दवाखान्याजवळच, सिंदी मेघेला राहते, औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. मावशी दवाखान्यात आली की दुपारी जेवायला माझ्याकडे असायची. एक दिवस वरणभात कालवता कालवता ती म्हणाली, "माय, मी लग्न करून राह्यली."

मी तिला लोणचं वाढत होते. चमचा हातातच राहिला.

"कोणाशी?"

"गुडघेवाल्यासंग," ती म्हणाली आणि लाजून पाणी प्यायला लागली. मावशीला लाजताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मग मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं हे तिलाही कळलं असणार, कारण तिने डाव्या हाताने माझी पाठ थोपटली आणि उजव्या हाताने ती जेवत राहिली.

फोटोंचा हट्ट त्याच दिवशी निघाला. तिच्या पहिल्या लग्नात फोटोग्राफर होता, त्याने दिवसभर सगळ्यांना उभं करून, बसवून, हसवून फोटो काढले होते, आणि रोल धुवायला दिला तेव्हा तो कोरा निघाला. एकही फोटो नाही. "मी कशी दिसत होती तेच मले मालूम नाई," ती म्हणाली. "आता असे फोटू पायजे का आख्खा मांडव, आख्खं गाव त्याच्यात आलं पायजे. तुह्या भावाजवळ ते उडतं यंत्र आहे ना, त्याच्यानं काढाले लाव."

भाऊ शाळेत चित्रकला शिकवतो. एका मित्राकडून त्याने वापरलेला ड्रोन घेतला होता. तळहाताहून थोडा मोठा, चार पायांचा, चार पंख्यांचा. सुट्टीच्या दिवशी तो त्यावरून संत्र्याच्या बागांचे व्हिडिओ काढायचा. मावशीचं ऐकून त्याची छाती फुगली. "मावशी, तुह्या लग्नाचा असा व्हिडिओ काढतो का लोक पाहातच राह्यतीन," असं त्याने फोनवर सांगितलं.

लग्न रविवारी होतं. मी आठवडाभर आधी रजा काढून तळेगावला पोचले. घरात गोणपाटावर तूर वाळत होती, मावशी ब्लाउजच्या हुकांवरून शिंप्याशी फोनवर भांडत होती, आणि भाऊ घरामागच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वाकून उभा होता. शेतात शेवटच्या वेचणीचा कापूस अजून बोंडांतून लोंबत होता.

"ताई, बरं झालं आली," तो म्हणाला. "पाय आता."

त्याने मोबाइल लावलेल्या रिमोटच्या दोन्ही दांड्या आत ओढल्या. चारही पंखे फिरायला लागले, मधमाशा चवताळाव्यात तसा आवाज झाला, ड्रोन जमिनीपासून बोटभर उठला, आणि त्याने सरळ कोलांटी मारली. पाठीवर पडलेल्या झुरळासारखे त्याचे पाय वर झाले. पंख्यांनी थोडी माती उडवली आणि सगळं शांत झालं.

फोन कानाला लावूनच मावशी मागच्या दारात आली होती. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "हे तर कोलांट्या मारून राह्यलं व!" ती शिंप्याला फोनवरच सांगू लागली.

भावाला मात्र हसू येत नव्हतं. गेल्या महिन्यापर्यंत नीट उडत होता, आता काय झालं कळत नाही, म्हणाला. मग आम्ही दोघं त्याच्या मागे लागलो.

पहिला संशय गवतावर. धुऱ्यावरचं वाळलेलं गवत पंख्याला अडकत असेल म्हणून घरातून जेवायचा पाट आणला. पाटावर ठेवून उडवला. कोलांटी. पाटावरून पडल्यामुळे या वेळी आवाज जास्त झाला.

दुसरा संशय त्याच्या आतल्या तोलावर. ड्रोनला सपाट म्हणजे काय हे एकदा शिकवावं लागतं, असं भावाने मोबाइलवर वाचून दाखवलं. ॲपमध्ये तशी सोय होती. ड्रोन अगदी सपाट जागेवर ठेवायचा, बटण दाबायचं, आणि तो मनात नोंद करून घेतो की हीच आडवी रेघ. आम्ही गच्चीवर गेलो. गच्ची सपाट असेल असं दोघांनाही वाटत होतं. मी सहज एक लिंबू फरशीवर ठेवलं, तर ते आरामात पाण्याच्या पन्हाळीकडे घरंगळत गेलं. शेवटी मावशीच्या शिलाई मशीनच्या टेबलावर तो कार्यक्रम झाला. तिथे लिंबू जागचं हललं नाही. ड्रोनच्या दिव्यांनी लाल, हिरवं, पुन्हा लाल असं बरंच काही केलं आणि ॲपने सगळं ठीक असल्याचं सांगितलं.

गच्चीवर नेऊन उडवला. कोलांटी.

मग बॅटरी काढून घातली, मोबाइल बंद करून चालू केला, दुसरी बॅटरी घातली. इंटरनेटवर दहा जणांचे दहा सल्ले होते. एक म्हणे मोटर गेली, एक म्हणे आतलं सर्किट गेलं, एक म्हणे फेकून द्या. भावाचा चेहरा संध्याकाळपर्यंत उतरला. नागपूरला नेऊन दुरुस्त करून आणतो म्हणाला. पण लग्नाची अर्धी खरेदी त्याच्याकडे होती, मांडववाला त्याच्याशिवाय कोणाचं ऐकत नव्हता, आणि दुरुस्तीवाला चार दिवसांत देईलच याचा काय नेम?

"जाऊ दे," तो म्हणाला. "मोबाइलनंच काढू फोटो."

"मावशीला तू सांगशील?"

तो पुन्हा बॅटरी काढून पाहायला लागला.

माझ्या कामात मला एक सवय लागलेली आहे. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, पोटात कसंतरी होतंय. मी विचारते, कुठे? जेवणाआधी की नंतर? पोटात कसंतरी होतंय यावर कोणतंच औषध नसतं. उजव्या बाजूला, जेवल्यावर, असं कळलं की निदान डॉक्टरकडे पाठवता येतं. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं, की दिवसभर आम्ही ड्रोन पडतो एवढंच पाहत होतो. कुठल्या बाजूला पडतो हे कोणीच पाहिलं नव्हतं.

सकाळी चहा व्हायच्या आधी मी भावाला उठवलं. "एकदा उडव. मला फक्त बघायचंय."

"ताई, पंखे तुटतीन."

"तुटू दे. एकदाच."

मी मोबाइलवर संथ गतीचा व्हिडिओ लावला आणि जमिनीवर पोटावर आडवी झाले. पन्नाशीकडे झुकलेली बाई धुऱ्यावर पोटावर पडून मोबाइल धरते आहे, हे पाहून शेजारची काकू हातातलं सूप खाली ठेवून कुंपणाशी आली. ड्रोनने कोलांटी मारली. आम्ही व्हिडिओ पाहिला. संथ गतीत सगळं दिसत होतं. उजवी बाजू डौलाने वर उठली, डावी जमिनीला चिकटून राहिली. पुन्हा उडवला, तर पुन्हा डावीकडे. तिसऱ्यांदाही डावीकडेच.

"म्हणजे डाव्या दोन मोटरी फिरत नाहीत?" मी विचारलं.

"फिरतात ना! आवाज येतो, दिसते पण."

फिरतात आणि तरी उचलत नाहीत. हे काय गौडबंगाल आहे, ते डोळ्यांनी पाहायला हवं होतं. पण वारा दिसतो कसा? मी स्वयंपाकघरात गेले. मावशी कणीक मळत होती.

"मावशी, थोडं पीठ दे."

"कशाले?"

"वारा पाहायला."

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं, पण पुढे काही विचारलं नाही. मावशीचं हे मला नेहमी आवडतं. "कणीक नोको घेऊ. त्या डब्यात जुनं ज्वारीचं पीठ आहे, पोरकिडे लागलेलं. ते ने सारं," म्हणाली आणि हात धुऊन स्वतःही मागे आली.

पाटावर पिठाचे चार छोटे ढीग केले, एकेका पंख्याखाली एक. ड्रोन वर उडवायचा नव्हता, पंखे फक्त हळू फिरवायचे होते. भावाने पंखे चालू केले. उजवीकडचे दोन्ही ढीग फुर्रकन उडाले, सगळं पीठ कुंपणाशी उभ्या असलेल्या काकूच्या दिशेने गेलं. डावीकडचे दोन्ही ढीग होते तसेच. उलट त्यांतला एक तर जरा वर ओढल्यासारखा झाला.

"अरे!" भाऊ ओरडला. "हे तर वारा वर फेकून राह्यले!"

त्याने पंखे बंद केले आणि ड्रोन हातात घेतला. मी चष्मा लावला. औषधांच्या पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचण्यात माझी हयात गेली आहे. पंख्याच्या पात्याच्या मुळाशी तसंच बारीक अक्षर कोरलेलं होतं. काही पात्यांवर ए, काहींवर बी. ड्रोनच्या पायांवर मोटरीच्या खालीही तशीच अक्षरं होती. उजवीकडे ए वर ए, बी वर बी. डावीकडे ए वर बी आणि बी वर ए.

भावाने कपाळावर हात मारला. मागच्या महिन्यात ड्रोन कडुनिंबाच्या फांदीला लागून डावीकडची दोन्ही पाती तुटली होती. त्याने पेटीतली जादा पाती काढून बसवली आणि स्क्रू घट्ट केले. दोन्ही पाती त्याला सारखीच वाटली होती. पण त्यांचा पीळ एकमेकांच्या उलट असतो. दोन मोटरी घड्याळाच्या काट्यासारख्या फिरतात, दोन उलट, म्हणून ड्रोन जागच्या जागी गरगरत नाही. पात्यांची अदलाबदल झाली की मोटर बिचारी इमानदारीने फिरते, पण वारा खाली ढकलायच्या ऐवजी वर ढकलते. उजवी बाजू उठायला बघते, डावी बसायला बघते. कोलांटी होणार नाही तर काय?

मावशी मध्येच म्हणाली, "म्हणजे डाव्या पायातली चप्पल उजव्यात घातली."

"तसंच," भाऊ म्हणाला. तो आता हसत होता.

चष्म्याच्या दुकानातल्यासारखा स्क्रू काढायचा छोटा पेचकस त्याच्याकडे होता. पाती बदलली. आम्ही तिघं आणि कुंपणापलीकडची काकू, सगळे श्वास रोखून उभे. भावाने रिमोटची दांडी वर केली आणि ड्रोन उठला. गुडघ्याएवढा, कमरेएवढा. मावशीने टाळी वाजवली. आणि तेवढ्यात तो दारू प्यायल्यासारखा झुलायला लागला, एका कोपऱ्यावर कलंडत कलंडत कपाशीकडे सरकला. भावाने घाबरून त्याला खाली घेतलं. धाडकन बसला, पण पायांवर बसला.

"उलटला तर नाई ना," मावशी म्हणाली. "रोगी सुधारून राह्यला."

आता आमच्यात दम आला होता. बॅटरी काढून ठेवली आणि मी एकेक पंखा बोटाने फिरवून पाहिला. तीन पंखे टिचकीसरशी भिरभिरत राहिले. चौथा, मागच्या बाजूचा, अर्धा फेरा घेऊन थांबला. पुन्हा फिरवला, पुन्हा थांबला. पातं काढून उजेडात धरलं, तर मोटरीच्या आसाभोवती पांढरा तंतू करकचून गुंडाळलेला. कापूस! धुऱ्यावरून इतक्या कोलांट्या मारल्या, त्यातल्या कुठल्या तरी कोलांटीत बोंडाचा कापूस आत ओढला गेला होता.

मावशीने तिची जुनी पेटी आणली, ड्रेसिंगचं सामान असायची ती. त्यात एक लांब, टोकदार चिमटा होता. तिने चष्मा नाकावर ओढला, ड्रोन मांडीवर आडवा घेतला आणि माझ्याकडे मान न वळवता म्हणाली, "टॉर्च धर. हलू नको." मी मोबाइलचा उजेड धरला. तंतू हळूहळू निघत गेला, निघता निघता वीतभर झाला. भाऊ बाजूला बसून एवढा तोंड वासून पाहत होता की मावशी म्हणाली, "तू चहा ठेव. नाईतर तुलेच टोचीन."

चहा झाला. मग उडवला. या वेळी धुऱ्यावरून नाही, मावशीच्या ओट्यावरून.

तो उठला आणि हवेत स्थिर उभा राहिला, कोणीतरी दोरीने टांगून ठेवल्यासारखा. भावाने तो उंच नेला, घराच्या गच्चीच्या वर, मग कडुनिंबापासून चांगला लांब, मग संत्र्याच्या बागेवर. मोबाइलच्या पडद्यावर झाडांच्या ओळी, ओळींमधले पाण्याचे चकाकणारे पाट, आणि एका कोपऱ्यात आम्ही चौघं, ठिपक्यांएवढे, माना वर करून. काकू कुंपण ओलांडून कधी आत आली होती ते कोणालाच कळलं नव्हतं. मावशीने पडद्यावरच्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. "ही मी?" "ही तू." तिने पडदा डोळ्यांजवळ ओढला. मग म्हणाली, "केस काळे करून घेतो मी."

आणि खरंच करून घेतले.

लग्न गावातल्या बुद्धविहारापुढच्या पटांगणात होतं. मुहूर्ताची भानगड नव्हती, सगळ्यांना रविवार सोयीचा होता. निळ्या-पांढऱ्या कापडाचा मांडव, पांढरे कपडे घातलेली माणसं, आणि मधोमध पांढऱ्या साडीतली मावशी, काठ बारीक सोनेरी. नवरदेवांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. दोघंही सारखे एकमेकांना "पाणी प्यायलं का" असं विचारत होते. कुठल्याशा लांबच्या नातेवाइकाने जेवणाच्या रांगेत "या वयात..." असं काहीतरी सुरू केलं, पण मावशीने लहानपणी त्यालाही सुई टोचली होती. तिने नुसतं पाहिलं. त्याने पुढचं वाक्य वरणाबरोबर गिळलं.

वंदना झाली, त्रिसरण-पंचशील झालं, हार घालून झाले. भंतेजींनी आशीर्वाद दिले. आता सगळ्यांनी दोघांवर फुलं उधळायची होती. हा क्षण वरून टिपायचा असं आम्ही ठरवलं होतं. भाऊ मांडवाबाहेर उभा राहून ड्रोन खाली आणत होता. जरा जास्तच खाली आला. फुलांची ताटं धरून उभ्या असलेल्या बायकांच्या डोक्यावर आला आणि पंख्यांचा सगळा वारा ताटांवर पडला.

एका दमात सगळी फुलं उडाली. झेंडूच्या पाकळ्या, गुलाबाच्या पाकळ्या, तांबड्या-पिवळ्या, मांडवभर. लोकांच्या केसांत, भंतेजींच्या काषाय चिवरावर, नवरदेवांच्या चष्म्यावर. दोन ताटं तर हातातून सुटली. क्षणभर कोणाला काय झालं कळलं नाही, आणि मग सगळा मांडव हसायला लागला. भंतेजीसुद्धा वर पाहून हसले. नवरदेवांनी चष्मा काढून पुसला आणि मावशीला म्हणाले, "तुमच्या गावात अशी पद्धत आहे का?"

"आजपासून आहे," मावशी म्हणाली.

जेवणं झाल्यावर तिने भावाकडून रिमोट मागून घेतला. भाऊ आधी नको नको म्हणत होता, मग तिच्यामागे उभा राहून "हळू, मावशी, हळू," एवढंच म्हणत राहिला. ती हळू गेली नाही. ड्रोन सरळ वर, इतका वर गेला की ऐकू येईना. नवरदेव बाजूला उभे राहून हाताने डोळ्यांवर सावली धरून त्याला शोधत होते आणि दर थोड्या वेळाने विचारत होते, "दिसतो का तुले?" मी पहिल्यांदाच त्यांना तिला 'तू' म्हणताना ऐकलं.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर आम्ही भावाच्या घरी टीव्हीवर सगळा व्हिडिओ लावला. मावशी आणि नवरदेव, म्हणजे आता आमचे मावसाजी, पलंगावर बसले होते, पायांखाली उशी घेऊन. मावशीने उडवलेला भाग आला. आधी नुसतं आभाळ, मग गाव हळूहळू चौकटीत मावायला लागलं. घरांची छतं, त्यांवर वाळत घातलेल्या मिरच्या, गोवऱ्यांचे ढीग, बाजाराची मोकळी जागा, हायवेवरचे रांगेतले ट्रक.

"थांबव!" मावशी म्हणाली. भावाने थांबवलं.

ती उठून टीव्हीजवळ गेली आणि तिने एका शेजाऱ्याच्या छतावर बोट ठेवलं. "हे पाय. हा म्हणते माह्याजवळ एक दाना तूर नाई. आख्खं छत भरलं आहे!"

मावसाजी हसून लोटपोट झाले. तिने रिमोट हिसकावून व्हिडिओ पुढे केला, पुन्हा थांबवला, आणि आता कोणाच्या अंगणात कोणाची म्हैस बांधली आहे हे सांगू लागली. भावाने दिवा मालवला. आम्ही सगळे जवळ सरकून बसलो, आणि गावातलं एकेक घर तिच्याकडून नव्याने ऐकत राहिलो.